ब्राम्सच्या चार सिंफनी: कोणते ध्वनिमुद्रण निवडावे? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जर्मन संगीतकार योहानेस ब्राम्सने (1833–1897) सिंफनी, म्हणजे पूर्ण वाद्यवृंदासाठीच्या चार भागांच्या मोठ्या रचना, चारच लिहिल्या, पण त्यांची ध्वनिमुद्रणे मोजायला बसलो तर दिवस पुरणार नाही. पुण्यात ख्याल-ठुमरीवर कान तयार झालेले अनेक रसिक अलीकडे या संगीताकडे वळतात आणि पहिल्याच पायरीवर अडतात: यांतले नेमके कोणते ऐकावे? गेल्या काही वर्षांत परिचितांनी पुन्हा पुन्हा विचारलेले प्रश्न आणि त्यांची माझ्या परीने दिलेली उत्तरे येथे एकत्र केली आहेत. आवडीनिवडीचा भाग जेथे आहे, तेथे तो माझा आहे हे गृहीत धरावे.

स्वर तर सगळीकडे तेच लिहिलेले असतात. मग कोणतेही ध्वनिमुद्रण ऐकले तर काय बिघडले?

ख्यालात गायक बदलला की मैफलच बदलते, कारण बंदिश हा केवळ आरंभ असतो आणि पुढचे सारे गायक तेथल्या तेथे घडवतो. सिंफनीत संचालकाला, म्हणजे वाद्यवृंदासमोर उभे राहून वादन चालवणाऱ्याला, एकही स्वर बदलण्याची मुभा नसते. त्याचे स्वातंत्र्य लय, वजन आणि कोणते वाद्य किती पुढे ठेवायचे एवढ्यातच सामावलेले असते. हे स्वातंत्र्य अरुंद दिसले तरी ब्राम्सच्या बाबतीत ते बरेच मोठे आहे, कारण या चारही सिंफनींवर त्याने मेट्रोनोमचे, म्हणजे मिनिटाला किती ठोके हे सांगणारे, आकडे छापलेले नाहीत. लयीचा निर्देश फक्त शब्दांत आहे, आणि शब्दांचा अर्थ ज्याने त्याने लावायचा असतो.

पहिल्या सिंफनीची सुरुवात घ्या. टिंपनी (मोठे नगारे), डबल बेस (सर्वांत खालच्या सुरांचे तंतुवाद्य) आणि कॉन्ट्राबासून (खालच्या सुरांचे फुंकवाद्य) ही वाद्ये खालच्या ‘सी’ या स्वरावर एकसारखे ठोके देत राहतात, त्यावर व्हायोलिन आणि चेलो (व्हायोलिनच्याच कुळातले खालच्या सुरांचे मोठे वाद्य) अर्ध्या-अर्ध्या स्वराने वर चढत जातात आणि त्याच वेळी फुंकवाद्ये वरून खाली उतरतात. येथे ब्राम्सने लिहिले आहे ‘उन पोको सोस्तेनुतो’, म्हणजे ‘थोडे धरून’. ‘अडाजिओ’, म्हणजे संथ, असे तो म्हणत नाही. तरीही कित्येक संचालकांनी हा भाग इतका सावकाश घेतला आहे की टिंपनीचा प्रत्येक ठोका सुटा मोजता येतो. दुसऱ्या टोकाला मॅकेरस किंवा गार्डिनर हे संचालक तोच भाग असा चालता ठेवतात की ठोक्यांची ओळ होते आणि तिच्यात धाप लागल्यासारखी घाई येते. हा एक मिनिट ऐकला तरी पुढची पाऊण तास संगत कोणाची करायची, याचा निर्णय बऱ्याच अंशी होऊन जातो.

चारांपैकी सुरुवात कोणत्या सिंफनीपासून करावी?

बहुतेक जण दुसरीपासून करायला सांगतात. ती 1877 च्या उन्हाळ्यात पोर्टशाख येथे तळ्याकाठी लिहिलेली, डी मेजरमधली, स्वभावाने मोकळी आहे, आणि तो सल्ला चुकीचा नाही. मी मात्र आपल्याकडच्या श्रोत्याला चौथीपासून, तीही शेवटच्या भागापासून सुरुवात करायला सांगतो.

या भागात आधी आठ मापांचा (माप म्हणजे ठरावीक मात्रांचा एक गट) एक स्वरक्रम येतो, दर मापाला एक स्वर. त्याचा मूळ आधार ब्राम्सच्या पूर्वीचा संगीतकार बाख याच्या एका कॅंटाटाच्या (गायक आणि वाद्यांसाठीच्या रचनेच्या) अखेरच्या कोरसमध्ये आहे. नंतर तोच आठ मापांचा क्रम तीस वेळा फिरतो आणि प्रत्येक आवर्तनात वरची वेलबुट्टी बदलते. कथकच्या साथीला धरलेला लेहरा ज्याने ऐकला आहे, त्याला हे समजावून सांगावे लागत नाही. बाराव्या आवर्तनात एकटी बासरी उरते: मात्रा तीच राहते, पण प्रत्येक माप दुप्पट लांब होते आणि त्यामुळे आवर्तन आपोआप विलंबित झाल्यासारखे वाटते. आधीचे तीन भाग गप्प बसलेले ट्रंबोन (पितळी फुंकवाद्ये) याच शेवटच्या भागात पहिल्यांदा बोलतात. हा भाग दोनचार वेळा ऐकून हाती लागला की मग पूर्ण चौथी, नंतर दुसरी, मग पहिली आणि सर्वांत शेवटी तिसरी, असा क्रम ठेवावा.

तिसरी शेवटी का? तिचा तिसरा भाग तर सर्वांत लोकप्रिय आहे.

तो चेलोचा सुरेल भाग लोकप्रिय आहे हे खरे, आणि नेमके म्हणूनच उरलेली सिंफनी ऐकायची राहून जाते. तिसरी ही चारांत सर्वांत लहान, साधारण 35 ते 40 मिनिटांची, आणि वाजवायला सर्वांत फसवी मानली जाते. तिचे चारही भाग हळुवारपणे संपतात. टाळ्या घेणारा गजर कोठेच नाही. पहिल्या काही मापांतच मेजर आणि मायनर या दोन स्वरश्रेणींची (एक उजळ, दुसरी गंभीर) ओढाताण सुरू होते आणि ती नीट तोलली नाही तर सगळा भाग नुसता गोंगाट होतो. जॉर्ज सेलने क्लीव्हलँड वाद्यवृंदाबरोबर 1964 मध्ये केलेले मुद्रण मला येथे सर्वाधिक समाधान देते, कारण त्यात दाट भागांतही आतली वाद्ये वेगवेगळी ऐकू येतात.

चारही सिंफनींचा एकाच संचालकाचा संच घ्यावा की प्रत्येकीचे वेगळे मुद्रण?

संच किमतीला परवडतो आणि एका माणसाची विचारपद्धती सलग कळते. तोटा असा की चारही सिंफनी सारख्याच उत्तम वठल्या आहेत असा संच विरळा. आधी एक विश्वासार्ह संच, मग ज्या सिंफनीवर विशेष जीव जडेल तिचे एक वेगळ्या वळणाचे सुटे मुद्रण, एवढे पुष्कळ झाले. नऊ संच जमवून एकही धड न ऐकणारे संग्राहक पुण्यात कमी नाहीत, आणि काही काळ मीही त्यांतलाच एक होतो.

मग एकच संच सुचवायचा झाला तर?

एकच नाव हवे असेल तर सेल आणि क्लीव्हलँड, 1964 ते 1967. त्यात कोठेही अतिरेक नाही, वादन काटेकोर आहे आणि स्टिरिओ ध्वनी आजही चांगला वाटतो. काहींना तो कोरडा वाटतो. ज्यांना ऊब हवी त्यांनी ब्रूनो वाल्टरचा 1959–60 चा संच ऐकावा. वाल्टरचा जन्म 1876 चा, म्हणजे पहिली सिंफनी प्रथम वाजली त्याच वर्षीचा, आणि कॅलिफोर्नियात हे मुद्रण केले तेव्हा तो 83 वर्षांचा होता. वयामुळे लय ढिली पडली असेल असे वाटून ऐकायला बसणाऱ्याला पहिल्या सिंफनीत धक्का बसतो.

ओटो क्लेम्पेरर आणि लंडनचा फिलहार्मोनिया वाद्यवृंद यांचा 1956–57 चा संच घडीव दगडासारखा आहे: लय ठाम, भावनेचे प्रदर्शन नाही, फुंकवाद्ये नेहमीपेक्षा पुढे. कुर्ट सांडरलिंगने ड्रेस्डेनमध्ये 1971–72 साली केलेला संच त्याहून प्रशस्त आहे आणि त्या वाद्यवृंदाच्या हॉर्नचा मऊ, थोडा कंपित आवाज दुसरीकडे मिळत नाही. सांडरलिंगने पुढे 1990 मध्ये बर्लिनमध्ये आणखी एक संच केला. तो पहिल्याहून संथ आहे आणि खरेदी करताना या दोहोंची गल्लत सहज होते.

अलीकडच्या काळातले हवे असेल तर रिकार्डो शायी आणि लाइप्झिगचा गेवांडहाउस वाद्यवृंद, 2012–13. लय चपळ, ध्वनी स्वच्छ, आणि शिवाय पहिल्या सिंफनीच्या दुसऱ्या भागाचा आरंभीचा पाठ व चौथीसाठी लिहून नंतर काढून टाकलेली सुरुवातीची चार मापे यांत ऐकायला मिळतात. क्लाउडिओ अब्बाडोच्या बर्लिनच्या संचात (1988–91) सिंफनींच्या जोडीला ब्राम्सच्या गायनवृंदासाठीच्या रचना आहेत, त्यामुळे तोही विचारात घ्यावा. कारायानने बर्लिनमध्येच तीन वेळा, साठ, सत्तर आणि ऐंशीच्या दशकांत, हे संच मुद्रित केले. मला त्यांपैकी पहिला पसंत आहे, कारण नंतरच्या दोहोंत तंतुवाद्यांचा लेप जरा जाड होत गेला आहे.

चौथीसाठी प्रत्येक जण कार्लोस क्लायबरचेच नाव का घेतो?

कारण ते योग्य आहे. व्हिएन्ना फिलहार्मोनिकबरोबर 1980 मध्ये केलेल्या या मुद्रणात पहिला स्वर सुरू होतो तेव्हा संगीत आधीपासून चालूच होते आणि आपण दार उघडून आत आलो, असे वाटते. क्लायबर लय सतत किंचित पुढे कलती ठेवतो, पण वाक्यांना श्वास घ्यायला जागा सोडतो. एवढे मान्य करूनही एक तक्रार नोंदवावीशी वाटते: डिजिटल तंत्राच्या अगदी सुरुवातीच्या काळातले हे मुद्रण असल्यामुळे मोठ्या आवाजात व्हायोलिनला थोडी धार येते. स्पीकर मुळात तीक्ष्ण असतील तर ती जास्त जाणवते.

लहान वाद्यवृंदाची मुद्रणे ‘अस्सल’ मानावीत का?

चौथी सिंफनी 25 ऑक्टोबर 1885 रोजी मायनिंगन येथे ब्राम्सच्याच संचालनाखाली प्रथम वाजली आणि तो वाद्यवृंद सुमारे पन्नास वादकांचा होता. आजच्या मोठ्या वाद्यवृंदांत एकटी तंतुवाद्येच साठाच्या घरात जातात. त्यामुळे चार्ल्स मॅकेरसने स्कॉटिश चेंबर ऑर्केस्ट्रा घेऊन 1997 मध्ये केलेला संच ऐकला की फुंकवाद्ये अचानक बरोबरीला येतात आणि ‘ब्राम्स म्हणजे दाट, जड’ हा समज गळून पडतो. मॅकेरसने मायनिंगनचा पुढचा संचालक फ्रिट्झ स्टाइनबाख याच्या पद्धतीबद्दलच्या जुन्या नोंदींचाही आधार घेतला होता, म्हणून त्याची लय यांत्रिक नाही. ती जागोजागी सैल होते आणि सावरते. पाव्हो बेरग्लुंडचा युरोपच्या चेंबर ऑर्केस्ट्राबरोबरचा संच याच जातीचा, पण अधिक सडसडीत आहे. गार्डिनर त्या काळची वाद्ये वापरतो.

तरीही ‘अस्सल’ हा शब्द मी टाळीन. स्वतः ब्राम्सच्या हयातीत या सिंफनी व्हिएन्नात पुष्कळ मोठ्या वाद्यवृंदानेही वाजल्या. दुसरी आणि तिसरी तर हान्स रिश्टरच्या संचालनाखाली प्रथम तेथेच वाजल्या, अनुक्रमे 1877 आणि 1883 च्या डिसेंबरात. दोन्ही प्रकार त्याच्या कानांवरून गेले होते.

पुनरावृत्ती वाजवली आहे की नाही, हे कसे ओळखावे? त्याने फरक पडतो का?

पहिल्या तीन सिंफनींच्या पहिल्या भागात सुरुवातीचा विभाग पुन्हा वाजवावा असे चिन्ह आहे, चौथीत नाही. कित्येक संचालक, विशेषतः जुने, ही पुनरावृत्ती गाळतात. ओळखण्याचा सोपा मार्ग म्हणजे पहिल्या भागाचा कालावधी पाहणे. दुसऱ्या सिंफनीचा पहिला भाग 15 मिनिटांच्या आसपास असेल तर पुनरावृत्ती गाळली आहे, 20 च्या आसपास असेल तर वाजवली आहे. तिसरीत हेच आकडे साधारण 10 आणि 13 असे येतात. तिसरीत ती हवीच असे माझे मत आहे, कारण भाग छोटा आहे आणि एकदाच ऐकून मन भरत नाही. दुसरीत मात्र कधी कधी पहिलाच भाग इतका लांबतो की पुढच्या भागांचा तोल जातो, आणि गाळणाऱ्याला मी दोष देत नाही.

व्हायोलिनवादकांची बैठक कशी आहे, याला महत्त्व का देतात?

जुन्या पद्धतीत पहिली व्हायोलिन डावीकडे आणि दुसरी उजवीकडे, समोरासमोर बसत. आता बहुतेक ठिकाणी दोन्ही डावीकडे असतात. ब्राम्स दोन्ही गटांत सवाल-जवाब लिहितो आणि समोरासमोर बैठक असली तरच तो कानाला कळतो. क्लेम्पेरर आणि मॅकेरस जुनी बैठक ठेवतात. अर्थात हा भेद ऐकायला हेडफोन तरी हवेत किंवा पुरेशा अंतरावर ठेवलेले दोन स्पीकर. मोबाइलच्या एका छिद्रातून येणाऱ्या आवाजात सर्वांची बैठक सारखीच.

जुनी मोनो मुद्रणे ऐकण्याचे कष्ट घ्यावेत का?

पहिल्यांदा ऐकताना नाही. रचना ओळखीची झाल्यावर मात्र अवश्य. फेलिक्स वाइनगार्टनरने 1938 ते 1940 दरम्यान लंडनमध्ये चारही सिंफनी मुद्रित केल्या. तो ब्राम्सच्या प्रत्यक्ष परिचयातला, आणि 1895 मध्ये त्याने केलेले दुसरीचे संचालन ब्राम्सला पसंत पडले होते. त्याची लय साधी, चालती आणि निर्मळ आहे. ब्राम्स म्हणजे जड लय हे समीकरण नंतरचे असावे, असा संशय ती ऐकून येतो.

जर्मन संचालक फुर्टवेंग्लर याच्या अगदी विरुद्ध. त्याने ऑक्टोबर 1951 मध्ये ब्राम्सच्या जन्मगावी, हॅम्बुर्ग येथे वाजवलेली पहिली सिंफनी उपलब्ध आहे. तिच्यात लय रबरासारखी ताणली जाते आणि सैल सोडली जाते. शेवटच्या भागात ट्रंबोनचे ते प्रार्थनेसारखे वाक्य अखेरीस पूर्ण वाद्यवृंदात परतते, तेथे लय थांबवावी असे लिहिलेले नाही, पण फुर्टवेंग्लरसारखे अनेक जण तेथे मोठा ब्रेक लावतात. काहींना तो क्षण भव्य वाटतो. मला पहिल्यांदा वाटला होता. आता वाटत नाही.

थेट मैफलीचे मुद्रण चांगले की स्टुडिओतले?

सवाई गंधर्व महोत्सवात रात्र काढलेल्या माणसाला थेट मैफलीचे आकर्षण असणारच. पण ‘लाइव्ह’ असे लिहिलेली आजची बरीच मुद्रणे दोन-तीन रात्रींचे तुकडे जोडून केलेली असतात, हे ध्यानात ठेवावे. खरीखुरी थेट मैफल ऐकायची तर टोस्कानिनीने लंडनच्या रॉयल फेस्टिव्हल हॉलमध्ये 1952 च्या शरद ऋतूत दोन संध्याकाळी वाजवलेल्या चारही सिंफनी ऐकाव्यात. चौथीच्या शेवटच्या भागात कोणीतरी खोडसाळपणे फटाके उडवले आणि ते मुद्रणात स्पष्ट ऐकू येतात. टोस्कानिनी लय तसूभरही हलू देत नाही. वाद्यवृंद तोच फिलहार्मोनिया, जो चार वर्षांनी क्लेम्पेररच्या हाताखाली पहाडासारखा वाजतो. केवळ संचालक बदलल्याने काय घडते, हे पाहायला याहून चांगली जोडी नाही.

झुबिन मेहतांचे ब्राम्स कसे आहे?

मुंबईत जन्मलेले मेहता 1954 मध्ये शिक्षणासाठी व्हिएन्नात गेले, आणि तेथल्या वाद्यवृंदाचा गडद, भरीव नाद त्यांच्या ब्राम्समध्ये सदैव जाणवतो. इस्राएल फिलहार्मोनिकबरोबर त्यांनी चारही सिंफनी मुद्रित केल्या आहेत. आपला माणूस म्हणून ऐकावे, पण पहिला संच म्हणून मी वर सांगितलेल्यांनाच पसंती देईन.

स्ट्रीमिंगवर शोधले की हवे ते सापडत नाही. कसे शोधावे?

नुसते ‘ब्राम्स सिंफनी’ असे शोधू नये. संचालक, वाद्यवृंद आणि ओपस क्रमांक (संगीतकाराच्या प्रकाशित रचनेचा अनुक्रमांक) एकत्र द्यावेत. पहिलीचा 68, दुसरीचा 73, तिसरीचा 90 आणि चौथीचा 98. मुखपृष्ठावर दिलेले वर्ष पुष्कळदा पुनर्प्रकाशनाचे असते, त्यामुळे 1966 चे मुद्रण 2015 चे म्हणून दिसते. ‘शफल’ बंद आहे याची खात्री करावी. मोफत खाते वापरत असाल तर दोन भागांच्या मध्ये जाहिरात येईल आणि चौथीच्या दुसऱ्या भागाचा शेवटचा स्वर विरण्याआधी कोणीतरी गृहकर्ज देऊ करील. भारतात ध्वनिमुद्रणाचा स्वामित्वहक्क प्रकाशनानंतर 60 वर्षे चालतो, म्हणून वाइनगार्टनरसारखी जुनी मुद्रणे मुक्तपणे ऐकायला मिळण्यास अडचण नसते.

पुण्यात जुन्या एलपी घ्याव्यात का?

रविवारी किंवा बुधवारी जुन्या बाजारात फिरताना क्वचित अशी रेकॉर्ड हाती लागते. आच्छादनावर विश्वास ठेवू नये. तबकडी बाहेर काढून मधल्या कागदावरचे नाव वाचावे आणि ती उजेडात तिरकी धरून ओरखडे पाहावेत. मी एकदा वाल्टरची दुसरी सिंफनी समजून आणलेल्या आच्छादनातून घरी आल्यावर नाताळची गाणी निघाली. हळुवार भाग पुष्कळ असल्यामुळे ब्राम्सच्या तबकडीवरची खरखर इतर संगीतापेक्षा जास्त टोचते. भावनेसाठी एलपी घ्यावी; ऐकण्यासाठी सीडी किंवा चांगल्या प्रतीचे स्ट्रीमिंग अधिक सोयीचे.

घरात ऐकताना हळू भाग ऐकूच येत नाही आणि मोठा भाग आला की शेजारी दार वाजवतात. काय करावे?

सिंफनीत सर्वांत हळू आणि सर्वांत मोठ्या आवाजातले अंतर फार असते, आणि आपल्या सदनिकांत पंखा, कुकरची शिट्टी व रस्ता मिळून खालचा सगळा पट्टा गिळून टाकतात. पहाटे साडेपाच ते साडेसहा ही वेळ उत्तम. हेडफोन घातले तर आणखी बरे. हिंजवडीला जाताना गाडीत ब्राम्स ऐकण्याचा प्रयत्न मी सोडून दिला आहे, कारण तिसरीचा शेवट विद्यापीठ चौकात कधी होऊन गेला ते कळत नाही. गाडीत ऐकायचेच असेल तर त्याची हंगेरियन नृत्ये ऐकावीत.

दोन मुद्रणांची तुलना करण्याची काही पद्धत आहे का?

पूर्ण सिंफनी पाठोपाठ दोनदा ऐकू नये. दुसऱ्या वेळी कान थकलेले असतात आणि पहिले मुद्रण उगाच चांगले वाटते. प्रत्येक सिंफनीतले एकच ठिकाण निवडावे आणि नेहमी तेच लावावे. पहिलीत टिंपनीची सुरुवात. दुसरीत अगदी पहिले माप, जेथे चेलो आणि डबल बेस तीनच स्वर वाजवतात आणि हॉर्न त्यांवर येतात: हे तीन स्वर संचालकाने नुसती पार्श्वभूमी म्हणून सोडले आहेत की पुढच्या सगळ्याचे बीज म्हणून मांडले आहेत, ते ऐकावे. तिसरीत तिसऱ्या भागात चेलोची चाल हॉर्नकडे परत येते ते ठिकाण. चौथीत बासरीचे बारावे आवर्तन, आणि तेथे संचालक लय सोडून देतो की आतून धरून ठेवतो. बासरीवादक सुरेल असला म्हणजे झाले असे नाही; मापे मोजत राहावे आणि आठव्यावर आपण व ते एकत्र पोहोचतो का ते पाहावे.

हे सारे प्रत्यक्ष ऐकायला मिळेल का?

पुण्यात पूर्ण वाद्यवृंद क्वचितच येतो. कॅम्पातल्या माझदा हॉलसारख्या ठिकाणी होतात त्या मुख्यतः पियानो आणि लहान वाद्यसमूहांच्या मैफली. त्यांत कधी ब्राम्सच्या सिंफनीची त्याने स्वतःच केलेली, एका पियानोवर चार हातांनी वाजवायची आवृत्ती असेल तर चुकवू नये, कारण रंग काढून घेतल्यावर सांगाडा किती भक्कम आहे ते तिच्यात दिसते. पूर्ण वाद्यवृंदासाठी मुंबईच्या एनसीपीए या कलाकेंद्रात 2006 साली स्थापन झालेल्या सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडियाच्या कार्यक्रमांवर लक्ष ठेवावे. जाताना डेक्कन क्वीन सोयीची आहे. परतीची डेक्कन क्वीन मात्र संध्याकाळी पाचच्या सुमारास, म्हणजे मैफल सुरू होण्याआधीच मुंबई सोडते, तेव्हा मुक्कामाची किंवा रात्रीच्या बसची सोय तिकिटाबरोबरच करून ठेवावी.